प्रोबवर क्षारता घसरलेली दिसली तर मिठाचा डबा उघडू नका

मागच्या मे महिन्यात कॉलेजातून घरी आले, तर माझ्या प्रवाळांच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीच्या कंट्रोलरवर, म्हणजे पाण्यात बुडवलेल्या मोजणाऱ्या दांड्याचा (प्रोबचा) आकडा दाखवणाऱ्या यंत्रावर, क्षारता ३१ (हजार ग्रॅम पाण्यात ३१ ग्रॅम मीठ). सकाळी ३५ होती. जीव घाबरला. चारशे ग्रॅम मीठ विरघळवून सम्पमध्ये, म्हणजे टाकीला जोडलेल्या खालच्या छोट्या टाकीत, ओतलं. रात्री प्रोब बाहेर काढताना त्याच्या खाचेत मुगाच्या दाण्याएवढा हवेचा बुडबुडा दिसला. पाणी आधी बरोबरच होतं, मी ते ३७ वर नेलं. हॅमर कोरल हा माझा प्रवाळ तीन दिवस मिटून होता. त्याची ती आत ओढलेली बोटं आजही डोळ्यांसमोरून जात नाहीत.

तेव्हा पहिली गोष्ट. मीठ उडून जात नाही, पाणी उडतं. सोलापूरच्या उन्हाळ्यात पंखा लावला की माझ्या दोनशे लिटरच्या टाकीतून दिवसाला पाचेक लिटर सहज जातं आणि ३५ चे जवळपास ३६ होतात. म्हणजे आपोआप क्षारता वाढते. ती घसरायला टाकी गळून किंवा स्किमर (फेसातून घाण काढणारं उपकरण) उतू जाऊन गेलेल्या खाऱ्या पाण्याच्या जागी आरओचं बिनमिठाचं पाणी पडायला हवं, नाहीतर आरओचं पाणी जास्त पडायला हवं. यातलं काहीच घडलं नसेल तर संशय प्रोबवर घ्या.

प्रोब मीठ मोजत नाही. पाण्यातून वीज किती सहज जाते ते मोजतो आणि त्यावरून क्षारता काढतो. खाचेत हवा अडकली की आकडा खाली येतो. म्हणून तो पाण्यात तिरका धरून सोडा, दोनदा हलकेच टिचकी मारा. सम्पमध्ये स्किमरच्या बुडबुड्यांपासून आणि वरचं पाणी पडतं त्या जागेपासून लांब ठेवा. पांढरा थर धरला असेल तर पंधरा-वीस मिनिटं व्हिनेगरमध्ये बुडवा, मऊ ब्रशने साफ करून आरओच्या पाण्याने धुवा.

आता कॅलिब्रेशन, म्हणजे ठरलेल्या द्रावणावर प्रोबचा आकडा जुळवणं. मी रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत साहाय्यक आहे. ब्युरेट भरण्याआधी आम्ही ती त्याच द्रावणाने विसळून घेतो. इथेही तसंच करते. दोन स्वच्छ छोटे पेले घ्यायचे. पहिल्यात थोडं कॅलिब्रेशनचं द्रावण घेऊन त्यात प्रोब घोळवायचा आणि ते फेकून द्यायचं. दुसऱ्यात खरं कॅलिब्रेशन. वापरलेलं द्रावण पुन्हा बाटलीत ओतायचं नाही. बाटली उघडी राहिली तरी त्यातलं पाणी उडतं आणि प्रमाण बिघडतं. द्रावण ५३ मिलीसीमेन्सचं हवं (हे वाहकतेचं, म्हणजे वीज किती सहज जाते त्याचं एकक). हा आकडा २५ अंशांना ३५ क्षारतेच्या समुद्राच्या पाण्याचा आहे.

आपल्याकडे लोक सगळ्यात जास्त फसतात ते तापमानात. एका अंशाला वाहकता साधारण दोन टक्क्यांनी वाढते. मीटर तापमानाचा हिशोब धरत नसेल, तर दोन अंशांच्या फरकाने ३५ चे साडेछत्तीसच्या आसपास दिसतात. कपाटातली बाटली मेमध्ये ३६-३७ अंशांवर असते, टाकी २६ वर. म्हणून बंद बाटली अर्धा तास टाकीतच तरंगत ठेवा, मग वापरा. नवा प्रोब असेल तर आधी एक दिवस टाकीच्या पाण्यात राहू द्या.

तरीही आकडा नाचत असेल तर हीटर, पंप, दिवे एकेक करून बंद करा आणि बघा. एखादं बंद केल्याबरोबर आकडा उडी मारून स्थिरावला, तर त्या उपकरणातून पाण्यात वीज उतरतेय. पाण्यात हात घालण्याआधी सगळे प्लग काढा, ते उपकरण बाद करा आणि घरचं अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. यात चालढकल नको.

पडताळणीला रिफ्रॅक्टोमीटर (प्रकाश पाण्यात किती वाकतो त्यावरून क्षारता काढणारं उपकरण) जवळ ठेवा. त्याचं शून्य साध्या पाण्यावर जुळलं म्हणजे ३५ ही जुळेलच असं नाही, म्हणून ३५ च्या द्रावणावर लावा. हे रिफ्रॅक्टोमीटरचं द्रावण प्रोबला वापरू नका, नुसत्या मिठाच्या पाण्यावर दोन्ही उपकरणांचं मोजमाप वेगवेगळं बसतं. बऱ्याच रिफ्रॅक्टोमीटरची तापमान-दुरुस्ती ३० अंशांपर्यंतच असते, तेव्हा उन्हाळ्यात दुपारी मोजू नका. मी सकाळी सहाला मोजते.

दोन्ही उपकरणांनी कमी दाखवलं तरच मीठ. तेही आरओच्या पाण्यात पूर्ण विरघळवून, दिवसाला एकाने वाढेल एवढंच.