मोटरसायकलच्या इंजिनावर कमी खर्चात ट्रॅकची गाडी कशी बांधावी

मोटरसायकलच्या इंजिनात क्लच आणि सहा गिअर एकाच कवचात मिळतात आणि ते सारे दोन माणसांना सहज उचलता येते. पण ते घडवलेले असते दीडशे-पावणेदोनशे किलोंची दुचाकी ओढण्यासाठी. म्हणून या कामातली खरी बचत भंगार बाजारातल्या घासाघिशीत नसून गाडीचे वजन कमी ठेवण्यात आहे. गाडी हलकी असली की लहान इंजिन पुरते, जुने ब्रेक पुरतात आणि क्लच टिकतो. चालकासह साडेतीनशे किलोंच्या आत राहायचे, हे पहिली पाइप कापण्यापूर्वीच ठरवावे.

येथे एका आसनाची, मागे इंजिन असलेली चारचाकी गाडी गृहीत धरली आहे. इंजिन केटीएम ३९० ड्यूकचे आहे, तर चाके, नकल (चाकाचा हब धरणारा भाग), ब्रेक आणि स्टिअरिंग मारुती ८०० चे. हे इंजिन चाकणला बनते, त्यामुळे त्याचे सुटे भाग सहज मिळतात. कोइंबतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर होणाऱ्या फॉर्म्युला भारत स्पर्धेत अभियांत्रिकीचे विद्यार्थी ज्या गाड्या उतरवतात, त्यांतील कित्येकांत हेच इंजिन असते. अशी एखादी गाडी जवळून पाहायला मिळाली, तर ती संधी सोडू नये.

सुरुवात खरेदीपासून करावी. सुटे इंजिन स्वस्त दिसले तरी घेऊ नये. अपघातात पुढून मोडलेली, पण डोळ्यांदेखत सुरू होणारी अखंड मोटरसायकल घ्यावी, कारण तिच्यासोबत ईसीयू (इंजिन चालवणारा छोटा संगणक), वायरिंग, रेडिएटर, पेट्रोलचा पंप आणि मीटर हे सारे येते आणि नेमक्या याच वस्तू नंतर एकेक करून घेताना खिसा रिकामा करतात. २०१७ पूर्वीचे मॉडेल निवडावे. त्यात थ्रॉटल केबलवर चालतो, त्यामुळे तो पायाच्या पेडलला जोडणे सोपे जाते. इंजिन क्रमांक कागदपत्रांशी ताडून पाहावा आणि वाहनाची नोंदणी आरटीओकडून रीतसर रद्द करून घ्यावी. वायरिंग कापू नये. प्रत्येक जोड सोडवण्यापूर्वी त्यावर कागदी चिकटपट्टी लावून नाव लिहावे. साइड स्टँडचा स्विच आणि गाडी आडवी झाल्यास इंजिन बंद करणारा सेन्सर हे दोन्ही सांभाळून ठेवावेत. हा सेन्सर नव्या जागी मूळच्याच स्थितीत उभा बसवला नाही, तर इंजिन चालू राहणार नाही.

सांगाड्याचे चित्र कागदावर काढून थांबू नये. खराट्याच्या हिरांचा, दोऱ्याने आणि डिंकाने बांधलेला, एकास दहा प्रमाणातला नमुना करावा आणि त्याची दोन टोके हातांत धरून तो हलकेच पिळावा. जो चौकोन तिरका होईल, तेथे एक कर्णाची हीर बांधावी आणि पुन्हा पिळून पाहावे. इंजिनासाठी सोडलेली मोकळी जागा सर्वांत आधी लचकते, हे तेव्हा बोटांनाच कळते. प्रत्यक्षात २५ मिलिमीटर बाजूची, दीड ते दोन मिलिमीटर जाडीची चौकोनी पाइप पुरते. चालकाच्या डोक्यामागची कमान मात्र ४५ मिलिमीटर व्यासाच्या, अडीच मिलिमीटर जाडीच्या सीमलेस पाइपचीच असावी आणि तिचे वेल्डिंग अनुभवी कारागिराकडून करून घ्यावे. आधी सर्व जोडांवर फक्त टाके मारावेत, गुण्या आणि कर्णांची मापे तपासावीत, इंजिन आत बसवून पुन्हा बाहेर काढून पाहावे आणि मगच वेल्डिंग पूर्ण करावे. आमच्या पहिल्या सांगाड्यात हे शेवटचे पाहायचे राहिले आणि इंजिन काढण्यासाठी दोन कर्ण कापावे लागले.

इंजिन मूळ मोटरसायकलीत होते तसेच आडवे आणि त्याच कोनात बसवावे. आता चेनचा विचार करू. इंजिनाचा सुमारे ३५ न्यूटन-मीटरचा पीळ पहिल्या गिअरमध्ये पुढच्या स्प्रॉकेटपर्यंत सातपट होऊन पोहोचतो आणि १५ दात्यांच्या त्या लहानशा चक्रावर चेनची ओढ साडेसहाशे किलोंपर्यंत जाते. ही ओढ इंजिनाला मागे आणि मागची चाके फिरवणाऱ्या शाफ्टला पुढे खेचते, म्हणून इंजिनाचा माउंट आणि शाफ्टच्या बेअरिंगचा आधार एकमेकांना सरळ पाइपने जोडलेला हवा. चेन ताणण्यासाठी शाफ्टचा आधार मागेपुढे सरकवण्याची सोय ठेवावी आणि दोन्ही स्प्रॉकेटांना सरळ पट्टी लावून ती एका रेषेत आणावीत.

मागील स्प्रॉकेट ४५ दात्यांचे ठेवले आणि मारुतीची १२ इंची चाके वापरली, तर इंजिनाच्या मिनिटाला ९००० फेऱ्यांना पहिल्या गिअरमध्ये ताशी सुमारे ४० आणि सहाव्यात १२८ किलोमीटर वेग मिळतो. लहान ट्रॅकला तेवढा पुरे आहे. वळणावर दोन चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणाऱ्या डिफरन्शियलचा खर्च टाळून चाकांकडे जाणारे दोन्ही ड्राइव्हशाफ्ट एकाच अखंड शाफ्टला जोडता येतात. तो शाफ्ट लेथवर करून घ्यावा. अशी गाडी अरुंद वळणावर वळायला थोडी नाखूश असते, पण पहिल्या गाडीत ही तडजोड मला योग्य वाटते.

आता तेल. पाण्याने भरलेला पेला हातात धरून दुचाकी वळवली, तर दुचाकीसोबत पेलाही कलतो आणि पाणी सांडत नाही. चारचाकीत तोच पेला एका बाजूने सांडतो. इंजिनातल्या तेलाचेही तसेच होते. वळणावर बाजूचा जोर गाडीच्या वजनाइतका झाला, की तेलाची पातळी ४५ अंशांनी तिरपी होते, तेल शोषणारी जाळी उघडी पडते आणि बेअरिंग कोरडी चालतात. संपच्या, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्याच्या, तळाशी जाळीभोवती भोके असलेली आडपत्री बसवावी, म्हणजे तेल एकदम सरकणार नाही. तेलाच्या दाबाचा मोठा लाल दिवा चालकाच्या थेट नजरेसमोर लावावा.

मारुतीचे पुढचे नकल चारही चाकांना वापरता येतात. पुढे ड्राइव्हशाफ्ट नसला तरी त्याच्या बाहेरच्या सांध्याचा दांडा हबमध्ये राहू द्यावा, कारण बेअरिंग त्याच्याच नटाने आवळलेली असते. स्टिअरिंगचा रॅक (चाके वळवणारा दात्यांचा दांडा) पक्का करण्यापूर्वी चाके योग्य बाजूला वळतात ना, हे पाहावे; रॅक उलटा बसला तर दिशाही उलटते.

ब्रेकला पुढे आणि मागे स्वतंत्र मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर ब्रेकच्या तेलाला दाब देणारे) द्यावेत. चेन आणि चालक यांच्यामध्ये पोलादी पत्रा हवाच. फॉर्म्युला एसएई या विद्यार्थ्यांच्या मोटारस्पर्धेच्या नियमांत तो २.६६ मिलिमीटर जाडीचा आणि चेनच्या तिप्पट रुंदीचा सांगितला आहे. बॅटरी तोडणारा स्विच, अग्निशामक आणि पाच पट्ट्यांचा बेल्ट यांत काटकसर करू नये. ही गाडी रस्त्यावर चालवता येत नाही. ती टेम्पोतून, ट्रॅकच्या व्यवस्थापनाची परवानगी घेऊनच न्यावी.

पहिल्या दिवशी वेगाचा विचार नको. प्रत्येक नट आवळल्यावर त्यावर पांढऱ्या रंगाची रेघ ओढावी, ट्रॅकच्या पाच फेऱ्या सावकाश माराव्यात, मग रेघा सरकल्या का ते पाहावे आणि चेनचा ताण मोजावा. तेल गरम असतानाच पांढऱ्या फडक्यातून गाळावे आणि ते फडके उन्हात धरून त्यात धातूची चकाकी दिसते का, ते पाहावे.