लाइन जाम झाली तर आधी रिव्हर्स

पर्वरी-म्हापशाकडच्या साइटवर काँक्रीट पंपाचा हेल्पर म्हणून लागलात, तर आधी प्रेशर गेज वाचायला शिका. काटा नेहमीपेक्षा वर चढू लागला की लाइन, म्हणजे काँक्रीट वाहून नेणारा पाइप, जाम होतेय समजा. लगेच थांबून दोन-तीन स्ट्रोक रिव्हर्स मारा, म्हणजे पंप उलटा चालवा, माल हॉपरमध्ये (पंपात काँक्रीट ओततात त्या टाकीत) ओढून ढवळा, मग हळू पुढे. जोर लावून ढकलत बसलात तर जाम आणखी घट्ट होतो. नाहीच सुटला तर हातोडीने पाइप वाजवत जा. बद्द आवाज येतो तिथे अडकलंय, बहुतेक बेंड (वळण) किंवा रिड्यूसरपाशी (पाइप अरुंद होतो तिथे). प्रेशर पूर्ण उतरल्याशिवाय पाइपांच्या जोडावरचा क्लॅम्प उघडायचा नाही, सुपरवायझर कितीही ओरडो. आणि सुरुवातीला लाइनमध्ये सिमेंटची स्लरी (सिमेंट-पाण्याचं पातळ मिश्रण) सोडायचा कंटाळा नको. एप्रिलच्या उन्हात तापलेली कोरडी लाइन काँक्रीटच्या पहिल्याच गाडीला अडते.