ट्रायपॉड असूनही क्लोजअप सॉफ्ट येत होते, शेवटी लाइव्ह व्ह्यूने सुटलं

डीएसएलआरवर व्ह्यूफाइंडरमधून फोकस करून घेतलेला प्रत्येक क्लोजअप दोन-तीन मिलिमीटर मागेच शार्प यायचा. लेन्स पुसली, शटर स्पीड वाढवला, ॲपर्चर एफ/११ केलं, फरक शून्य. दोन आठवडे डोकं फिरलं होतं.

कारण असं की व्ह्यूफाइंडरचा ऑटोफोकस वेगळ्या सेन्सरवर चालतो, त्याची जुळणी जरा बिघडली की फोकस चुकतो, लाइव्ह व्ह्यूमध्ये (कॅमेऱ्याच्या मागच्या स्क्रीनवर थेट दिसणारं चित्र) मात्र फोटो ज्यावर येतो त्याच सेन्सरवरचं चित्र दिसतं.

आधी ट्रायपॉड घट्ट करा, स्टॅबिलायझेशन (हादरे कमी करणारी सोय) बंद, मग लाइव्ह व्ह्यू चालू करून लेन्स एमएफवर (मॅन्युअल फोकस, म्हणजे हाताने फोकस) टाका, हवा तो भाग १० पट झूम करा (लेन्सचा झूम नाही, स्क्रीनचा), रिंग अगदी हळू फिरवत कड सगळ्यात तीक्ष्ण दिसेल तिथे थांबा, आणि २ सेकंदांचा टायमर लावूनच क्लिक करा.