आडतीच्या हिशेबाची लांबलचक फाइल: तिचे मॉड्यूल कसे पाडावेत

नागपूरच्या कळमना बाजारात संत्र्याचा लिलाव उरकला की शेतकऱ्याच्या हाती पट्टी येते: क्रेट किती, वजन किती, भाव काय, भाडे आणि उचल (आधी घेतलेली आगाऊ रक्कम) वजा जाता हाती काय. ही पट्टी काढणारा प्रोग्रॅम बहुधा एका फाइलीत सुरू होतो आणि चार हंगामांत दोन हजार ओळींचा होतो. चालतो आहे तोवर कोणी हात लावत नाही. मग नियम बदलतो. राज्यात २०१६ साली फळे-भाजीपाल्याची आडत (विक्री करून देणाऱ्या आडत्याचे कमिशन) शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायचे ठरले, तसा. आडतीचा टक्का पडद्यावरच्या बेरजेत, छपाईत आणि महिन्याच्या अहवालात लिहिलेला असेल, तर बदल तीन जागी करावा लागतो आणि तिसरी जागा हमखास राहून जाते.

अशी फाइल मॉड्यूलमध्ये, म्हणजे एकेक काम सांभाळणाऱ्या वेगळ्या फाइलींमध्ये, कशी फोडायची ते पुढे दिले आहे. उदाहरणे पायथॉन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेची आहेत, पण भाषा कोणतीही चालेल. संत्र्याच्या आंबिया बहाराची आवक जोरात असताना हे काम काढू नका. मे-जूनची सवड बरी.

१. आधी जुने उत्तर बांधून ठेवा

कोडला हात लावण्यापूर्वी तीसेक जुन्या पट्ट्या निवडा. सरळ-सोप्या घेऊन उपयोग नाही. भाडे आधीच दिलेले, दोन क्रेट परत गेलेले, वजनात अर्धा किलो आलेला, उचल जास्त असल्याने रक्कम उणे गेलेली, अशा अडचणीच्या हव्यात. प्रत्येकीची माहिती आणि छापील मजकूर फाइलीत साठवा. प्रोग्रॅम पुन्हा चालवून नवा मजकूर जुन्याशी अक्षरन् अक्षर ताडणारी छोटी स्क्रिप्ट लिहा. पट्टीवर छपाईची वेळ येत असेल तर ताडताना ती वगळा, नाहीतर दर वेळी फरक दिसेल आणि दोन दिवसांत स्क्रिप्टकडे कोणी पाहणार नाही.

जुन्या पट्टीत चूक सापडली तर? तूर्त ती तशीच राहू द्या. वहीत नोंदवा आणि नंतर वेगळी दुरुस्त करा. रचना आणि वागणूक एकदम बदलली, तर फरक कशामुळे पडला ते कळत नाही.

२. काय-काय बदलते, त्याची यादी करा

बहुतेक जण इथेच चुकतात. काम ज्या क्रमाने होते (माहिती घ्या, बेरीज करा, छापा) त्याच क्रमाने फाइली पाडल्या जातात. संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड पार्नास यांनी १९७२ सालच्या लेखात एकच प्रोग्रॅम दोन प्रकारे तोडून दाखवला: एकदा कामाच्या पायऱ्यांप्रमाणे, एकदा प्रत्येक मॉड्यूलमध्ये बदलू शकणारा एकेक निर्णय लपवून. माहिती साठवण्याची पद्धत बदलली की पहिल्या मांडणीत जवळजवळ सगळे मॉड्यूल उघडावे लागतात, दुसरीत एक.

आपल्या प्रोग्रॅममध्ये कपातीचे नियम सरकार किंवा बाजार समिती बदलते, पट्टीचा कागद दुकानदार बदलतो आणि माहिती कुठे ठेवायची ते आपण बदलतो. बदल सांगणारे तीन, म्हणून मॉड्यूलही तीन: नियम, छपाई, साठवण. आणि या तिघांना हाक मारणारी एक छोटी मुख्य फाइल.

३. हिशेब सर्वांत आधी बाहेर काढा

नियम या मॉड्यूलने फक्त आकडे घ्यावेत आणि आकडे द्यावेत. त्यात प्रिंट नको, डेटाबेस नको, आणि आजची तारीख विचारणेही नको. तारीख बाहेरून द्या. दोन वर्षांपूर्वीची पट्टी पुन्हा छापायची वेळ आली की त्या दिवशीचा नियम लागला पाहिजे. आतच ‘आज’ पाहिले, तर जुन्या मालाला नवी कपात लागते.

रक्कम पूर्णांकात, म्हणजे रुपयांऐवजी पैशांत मोजा. दशांशात ०.१ आणि ०.२ यांची बेरीज पायथॉन ०.३०००००००००००००००४ अशी देतो. आकडा पूर्णांकात आणणारे पायथॉनचे राउंडही आपल्या सवयीचे नाही: २.५ चे २ होतात आणि ३.५ चे ४. अर्धा रुपया वर न्यायचा की खाली, हा नियम स्वतः लिहा आणि एकाच जागी लिहा.

ताडून पाहायला एक सोपा दाखला: ४० क्रेट, क्रेटमागे २० किलो, भाव ३५ रुपये किलो, म्हणजे २८,००० रुपये. भाडे १,२०० आणि उचल ५,००० गेली की हाती २१,८००. फंक्शनने (हिशेब करणाऱ्या कोडच्या तुकड्याने) २१,८०,००० पैसे परत द्यावेत. रुपयांचे चिन्ह आणि स्वल्पविराम हे छपाईचे काम.

४. दार लहान ठेवा

बाहेरून हाक मारायची फंक्शन्स दोन-तीनच असू द्या. आतल्यांच्या नावाआधी अंडरस्कोअर (_) लावा; पायथॉन त्यांना अडवत नाही, पण वाचणाऱ्याला खूण कळते. सेटिंग्जची अख्खी डिक्शनरी (नाव आणि किंमत यांची जोड-यादी) इकडून तिकडे फिरवू नका. फंक्शनला भाडे हवे असेल तर भाडेच द्या, नाहीतर कोण काय वापरते ते शोधत बसावे लागते.

छपाईने नियमाचे उत्तर घ्यावे. नियमाला छपाईचा पत्ताही नसावा. दोघांनी एकमेकांना इम्पोर्ट केले, म्हणजे एकमेकांचा कोड मागवला, की पायथॉन अनेकदा ‘पार्शली इनिशिअलाइज्ड मॉड्यूल’ अशी तक्रार करतो. इम्पोर्टची ओळ फंक्शनच्या आत ढकलली की तक्रार थांबते, गुंता मात्र तसाच राहतो. दोघांना लागणारा भाग तिसऱ्या मॉड्यूलमध्ये न्या.

५. एका वेळी एक तुकडा हलवा

एक फंक्शन हलवा, तीसही पट्ट्या ताडा, गिटमध्ये (कोडच्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात) कमिट करा, म्हणजे बदल नोंदवा. फरक दिसला तर शोधत बसण्यापेक्षा मागच्या कमिटवर परता आणि त्याहून छोटा तुकडा घ्या. ग्लोबल व्हेरिएबल, म्हणजे फाइलीतल्या सगळ्या फंक्शन्सना दिसणाऱ्या किमती, सर्वांत छळतात. फंक्शन नव्या फाइलीत गेले की त्याचा ग्लोबलही वेगळा होतो आणि जुन्या फाइलीत बदललेली किंमत त्याला दिसत नाही. म्हणून हलवण्याआधीच ग्लोबल काढून तो आकडा फंक्शनला बाहेरून द्या.

‘कॉमन’ नावाची फाइल काढायचा मोह होईल. टाळा. महिन्याभरात ती अडगळीची खोली होते.

काम संपल्यावर पुढच्या चार-सहा बदलांचे कमिट उघडा आणि प्रत्येकात किती फाइली बदलल्या ते मोजा. नियम आणि छपाई दर वेळी जोडीनेच बदलत असतील, तर छपाईत कुठेतरी कपातीची बेरीज अजून शिल्लक आहे. ती शोधा.