सूर ढळला की केबलकडे शेवटी बघा

ॲनालॉग सिंथवर वरच्या सप्तकात सूर उतरायला लागला की पहिला संशय मॉड्यूल जोडणाऱ्या पॅच केबलवर जातो आणि महाग केबलांचा शोध सुरू होतो. माझं म्हणणं असं की आधी थोडं गणित करा, मग ट्यूनर लावा, आणि केबलचा विचार त्यानंतर.

अशा सिंथमध्ये सूर व्होल्टेजने ठरतो. एका सप्तकाला १ व्होल्ट या पद्धतीत एका सेमीटोनच्या वाट्याला सुमारे ८३ मिलिव्होल्ट येतात, एका सेंटच्या (सेमीटोनचा शंभरावा भाग) वाट्याला ०.८३. फिल्टरला जाणाऱ्या सीव्हीत (कंट्रोल व्होल्टेज, मॉड्यूलला हुकूम देणारं व्होल्टेज) एक-दोन मिलिव्होल्ट इकडेतिकडे झाले तर कुणाला पत्ताही लागत नाही. पिचमध्ये मात्र लागतो. म्हणून पुढचं सगळं मुख्यतः पिचच्या सीव्हीबद्दल आहे.

तांब्याची २४ गेजची तार घेतली तर तिचा रोध मीटरला जेमतेम ०.०८ ओहम. १० मीटर केबलचा जाऊन-येऊन दोन ओहमही होत नाही आणि समोर ऑसिलेटरचं (सूर निर्माण करणाऱ्या मॉड्यूलचं) इनपुट साधारण १ लाख ओहमचं. ५ व्होल्टच्या सुरावर यातून पडणारा फरक सेंटच्या दहाव्या भागाएवढा. धारितेचंही तसंच: मीटरला १०० पिकोफॅरड धरा, १० मीटरला १ नॅनोफॅरड. १ किलोओहमच्या आउटपुटवर याचा कटऑफ (ज्याच्या वरचे सिग्नल दबतात ती कंप्रता) १५० किलोहर्ट्झच्या पलीकडे जातो. गेट आणि ट्रिगरची (सूर सुरू-बंद करणाऱ्या इशाऱ्यांची) धार एवढ्याने बोथट होत नाही.

मग सूर ढळतो कुठे? बहुतेक वेळा लोडमध्ये, म्हणजे आउटपुटवर पडणाऱ्या इनपुटांच्या भारामध्ये. अनेक मॉड्यूलांच्या आउटपुटला १ किलोओहमचा रेझिस्टर असतो. तो आउटपुट ॲम्प्लिफायरच्या फीडबॅकच्या (चूक भरून काढणाऱ्या जोडणीच्या) बाहेर असेल तर त्याचा आणि इनपुटच्या १०० किलोओहमचा मिळून व्होल्टेज डिव्हायडर होतो आणि दर सप्तकाला सुमारे १२ सेंट कमी पडतात. हे एकवेळ चालतं, कारण ऑसिलेटरच्या स्केल ट्रिमरने (सप्तकाचं माप जुळवणाऱ्या स्क्रूने) ते भरून काढता येतं. खरी गंमत साध्या मल्टिपलमधून (एक सिग्नल नुसत्या तारांनी अनेकांना वाटणाऱ्या जोडणीतून) दुसरा ऑसिलेटर जोडल्यावर कळते. आता लोड ५० किलोओहमचा झाला. आधी नीट लावलेला पहिला ऑसिलेटरच ३ व्होल्टच्या सुरावर आणखी ३५ सेंट खाली येतो. आणि नेमकी त्याच वेळी नवी केबल लावलेली असते, म्हणून दोष तिच्या माथी बसतो. यावर उपाय बफर्ड मल्टिपल, म्हणजे प्रत्येक आउटपुटला स्वतंत्र ॲम्प्लिफायर असलेला. पिचसाठी साधा मल्टिपल मी वापरतच नाही.

तपासायचं असं. एक ऑसिलेटर, एक सीव्ही, सगळ्यात आखूड केबल. ट्यूनरवर खालचा आणि दोन सप्तकं वरचा सूर लिहून ठेवा. आता फक्त केबल बदलून लांब लावा. आकडे तेच आले तर केबल निर्दोष. मग मल्टिपल मध्ये घाला, मग दुसरा ऑसिलेटर. ज्या पायरीला आकडा हलेल, तिथे दुखणं. साध्या मल्टिमीटरवर विसंबू नका. २० व्होल्टच्या रेंजवर त्याची एक पायरी १० मिलिव्होल्टची, म्हणजे तब्बल १२ सेंटची असते. त्यापेक्षा दुसरा, स्वतंत्र स्थिर सूर सोबत वाजवून बीट्स (दोन जवळच्या सुरांमुळे आवाजात येणारे हेलकावे) ऐका. ४४० हर्ट्झला एका सेंटचा फरक साधारण चार सेकंदांनी एक बीट देतो. कान इथे मीटरपेक्षा कितीतरी सूक्ष्म.

लांबी खरी नडते ती दोन वेगवेगळ्या केसेस (मॉड्यूलांच्या पेट्या) जोडताना, आणि तीही ग्राउंडमुळे. दोघांचे पॉवर सप्लाय वेगळे असले की त्यांच्यातला उरलासुरला प्रवाह पॅच केबलच्या स्लीव्हमधून (ग्राउंडच्या तारेतून) वाहतो. स्लीव्हचा रोध अर्धा ओहम आणि प्रवाह २ मिलिअँपिअर असला तरी १ मिलिव्होल्ट झाला, सव्वा सेंटच्या आसपास. सिक्वेन्सरचे दिवे लागताना सूर तालात थरथरला, तर हेच कारण समजा. दोन्ही केसेसचे ० व्होल्ट जाड, आखूड तारेने जोडा आणि वीज एकाच पट्टीवरून घ्या. हम घालवण्यासाठी मेन्सची अर्थिंग मात्र कधीही काढू नका, ती जिवाच्या रक्षणासाठी आहे. बनाना केबलीत तर ग्राउंडची तारच नसते, त्यामुळे बनाना जॅकच्या दोन केसेस जोडताना ही वेगळी तार लागतेच.

केबलचा दर्जा म्हणजे माझ्या मते तिचे डाख आणि प्लग. प्लगच्या मानेशी तार तुटत आली की सूर मधूनच उडी मारतो. केबल इनपुटला लावून सूर धरून ठेवा आणि दोन्ही टोकं हळू हलवा. ट्यूनरचा काटा हलला की ती बाजूला काढा. ३.५ मिलिमीटरच्या प्लगवर काळपटपणा दिसला तर कॉन्टॅक्ट क्लीनरने पुसा. शील्डिंगचा आग्रह पिचसाठी फारसा लागत नाही, कारण कमी रोधाचं आउटपुट आजूबाजूचा हम दाबून टाकतं. पण एक टोक इनपुटमध्ये आणि दुसरं मोकळं लोंबत असेल तर तीच केबल अँटेना होते आणि ऑसिलेटरमध्ये मेन्सचा थरकाप शिरतो. पॅच मोडला की अशा केबली लगेच काढा.

हर्ट्झ प्रति व्होल्टवर चालणारा, कॉर्ग एमएस-२० सारखा सिंथ असेल तर तपासणी खालच्या सुरांपासून सुरू करा. त्या पद्धतीत प्रत्येक सप्तक खाली जाताना व्होल्टेज निम्मं होतं, त्यामुळे ग्राउंडमधली तेवढीच चूक तिथे सगळ्यात मोठी ऐकू येते.