गाणं मिळालं, पण रेकॉर्डिंग कोणतं? जगभरचं संगीत शोधताना या चुका टाळा

गेल्या उन्हाळ्यात पुतण्याचा एक मित्र घरी आला. इंजिनिअरिंगला आहे, ऐकण्याची मनापासून आवड. मोबाईल पुढे करून म्हणाला, "काका, जगातल्या सर्वोत्तम शंभर अल्बमपैकी बासष्ट झाले माझे. आता अडतीसच राहिले."

मी विचारलं, "त्यातलं पुन्हा लावावंसं कोणतं वाटलं?"

तो बराच वेळ यादी वर-खाली करत राहिला. मग म्हणाला, "सगळेच चांगले होते."

मला वाईट वाटलं, कारण पोराने वेळ खरंच दिला होता. त्या दिवशी आम्ही रात्री अकरापर्यंत बसलो आणि कुठे काय चुकतंय ते एकेक करून पाहिलं. बहुतेक चुका एकाच ठिकाणून निघतात: आपण गाण्याचं नाव शोधतो. शोधायचं असतं ते एक ठराविक रेकॉर्डिंग. कोण गातंय, साथीला कोण, साल कोणतं, किती मिनिटांचं.

नाव तेच, गाणं वेगळं

आपल्या नागपूरकरांना याचं उदाहरण शोधायला लांब जायला नको. ‘कट्यार काळजात घुसली’ लिहिलं ते आपल्या पुरुषोत्तम दारव्हेकर मास्तरांनी. त्यातले खाँसाहेब उभे केले वसंतराव देशपांडे यांनी. सिव्हिल लाईन्सच्या सभागृहाला ज्यांचं नाव आहे तेच हे वसंतराव, आणि त्यांचं सुरुवातीचं शिक्षण नागपुरातच शंकरराव सप्रे यांच्याकडे झालं. नाटक १९६७ चं, संगीत जितेंद्र अभिषेकींचं. आज ‘घेई छंद’ शोधलं की २०१५ च्या चित्रपटातलं गाणं आधी हाताला लागतं आणि पुष्कळ जण तिथेच थांबतात. मूळ नाटकात हे पद दोन चालींत आहे: पंडितजींचा शिष्य सदाशिव याच्या भूमिकेतल्या प्रसाद सावकारांची एक आणि खाँसाहेबांची दुसरी. दोन घराण्यांची लढत हाच नाटकाचा गाभा, आणि ती लढत या दोन चालींत ऐकू येते. एकच ऐकलीत तर भांडणाची एकच बाजू ऐकली. दोन्ही मूळ ध्वनिमुद्रणं मिळवा, पाठोपाठ लावा, मग चित्रपटाकडे या.

पाश्चात्त्य संगीतातही हेच. पियानोवादक ग्लेन गूल्डने बाखची ‘गोल्डबर्ग व्हेरिएशन्स’ स्टुडिओत दोनदा वाजवली, १९५५ मध्ये आणि पुन्हा १९८१ मध्ये. पहिली सुमारे ३८ मिनिटांची, दुसरी सुमारे ५१. स्वरलेखन तेच, माणूस तोच, मधे पाव शतक गेलेलं. बॉब मार्लीच्या ‘कॅच अ फायर’चेही दोन अवतार आहेत: जमैकातलं मूळ मिश्रण, आणि १९७३ मध्ये जगापुढे आलेलं, लंडनमध्ये वरून आणखी वाद्यं चढवलेलं. रेगे ऐकायला सुरुवात करणाऱ्याने दोन्ही ऐकावेत. मला स्वतःला जमैकातला जास्त भिडतो.

"मला जॅझ कळत नाही"

हे वाक्य ऐकलं की मी आधी विचारतो, कशावर ऐकलं? त्या मुलाने ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसचा ‘काइंड ऑफ ब्लू’ फोनच्या स्पीकरवर ऐकला होता. त्यातल्या पहिल्याच ‘सो व्हॉट’ या रचनेचा मुखडा पॉल चेम्बर्सच्या बासवर, म्हणजे खालच्या सुरांच्या मोठ्या तंतुवाद्यावर आहे. बाकीचे वादक त्याला फक्त दोन सुरांचा हुंकार देतात. फोनचा चिमुकला स्पीकर ते खालचे सूर काढतच नाही. म्हणजे पोराने प्रश्न न ऐकता नुसती उत्तरं ऐकली होती. साधे वायरचे हेडफोन लावून दिले, तर पहिल्याच मिनिटाला त्याने मान वर केली.

तुमचं साधन चालेल की नाही हे तपासायला सोपी युक्ती आहे. एखादं ख्यालाचं रेकॉर्डिंग लावा आणि तानपुऱ्याचा खर्ज वेगळा ऐकू येतो का पाहा. येत नसेल, तर कोणत्याही संगीताबद्दल मत बनवायची घाई करू नका.

याच अल्बमची आणखी एक गोष्ट. २ मार्च १९५९ ला त्याच्या पहिल्या बाजूच्या तीन रचना ज्या टेप मशीनवर घेतल्या, ते थोडं हळू चालत होतं. त्यामुळे तबकडीवर त्या किंचित जलद आणि चढ्या सुरात आल्या, आणि कित्येक वर्षं जगाने त्या तशाच ऐकल्या. १९९२ च्या आवृत्तीत वेग सुधारला. इतक्या नावाजलेल्या रेकॉर्डिंगचं हे झालं, तर कोणीतरी घरी उतरवून टाकलेल्या जुन्या तबकड्यांचं काय होत असेल! ओळखीचा आवाज पातळ किंवा चिरका वाटला तर आधी वेगावर शंका घ्या, गायकावर नंतर. तीच तबकडी दुसऱ्या कोणी उतरवलेली मिळाली तर दोन्हींची मिनिटं-सेकंदं ताडून पाहा. फरक लगेच दिसतो.

खरखर ऐकून बंद करणं

७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला साधारण तीन-साडेतीन मिनिटं मिळत. तासभर राग मांडणाऱ्या गायकांना तेवढ्यात सगळं बसवावं लागे. म्हणून त्या ध्वनिमुद्रणात एकही फालतू जागा सापडत नाही. केसरबाई केरकरांची भैरवी ‘जात कहाँ हो’ साडेतीन मिनिटांचीच आहे, आणि १९७७ मध्ये व्हॉयेजर यानासोबत पाठवलेल्या सुवर्णतबकडीवर भारतातर्फे तीच गेली. अमेरिकन ब्लूज गायक-गिटारवादक रॉबर्ट जॉन्सनने १९३६-३७ मध्ये टेक्ससमध्ये २९ गाणी रेकॉर्ड केली. पुढच्या पिढ्यांतल्या कित्येक गिटारवाल्यांनी ती गुरुमंत्रासारखी घोटली. पहिल्यांदा खरखरच ऐकू येते. तिसऱ्यांदा ऐकताना कान ती बाजूला सारतो. त्या तिसऱ्या वेळेपर्यंत थांबा.

उलटं टोक इजिप्तची गायिका उम्म कुल्सूमचं. ‘इन्ता उमरी’ (१९६४) मध्ये ती गायला लागण्याआधी वाद्यवृंद कितीतरी मिनिटं वाजतो. पुढे ढकलू नका. अमीर खाँसाहेबांचा मारवा ऐकताना आपण घाई करतो का?

यादी संपवण्याची घाई

यादी दार दाखवते, तेवढंच. आत गेल्यावर साथीदारांची नावं वाचा. ‘काइंड ऑफ ब्लू’ आवडला ना? त्यात टेनर सॅक्सोफोनवर जॉन कोल्ट्रेन आहे. त्याचा ‘अ लव्ह सुप्रीम’ १९६५ चा. त्याच कोल्ट्रेनने रविशंकरांवरच्या प्रेमापोटी मुलाचं नाव रवी ठेवलं. तिथून रविशंकरांचे गुरुबंधू, सरोदवादक अली अकबर खाँसाहेबांच्या १९५५ च्या अमेरिकन एलपीपर्यंत आलात की परदेशातून फिरून सरोदजवळ पोचलात. असा माग काढत महिन्यात चार रेकॉर्डिंग झाली तरी पुष्कळ. प्रत्येक किमान तीनदा ऐका आणि वहीत दोन ओळी लिहा. त्या मुलाला मी वहीच दिली.

आपला मे महिना आणि तबकड्या

इतवारीत किंवा कोणाच्या माळ्यावर जुन्या एलपी मिळाल्या तर त्या आडव्या रचू नका, पुस्तकासारख्या उभ्या ठेवा. पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा पश्चिमेच्या भिंतीलगतचं कपाट भट्टी होतं. माझ्या चार एलपी तिथेच वाकल्या. कूलरच्या झोतात ठेवल्या तर कव्हरला बुरशी धरते. वाकडी तबकडी इस्त्रीने किंवा उन्हात सरळ करायला जाऊ नका. थोडीशी वाकली असेल तर बहुधा वाजते.

लाखेच्या जुन्या तबकडीला स्पिरिट कधीच लावू नये, लाख त्यात विरघळते. आणि ती एलपीच्या सुईने वाजवू नका. तिची खाच रुंद असते, बारीक सुई तळाला घासते आणि खरखर वाढते. तिला वेगळी सुई लागते.

जे कोणत्याच यादीत नसतं

सगळ्यात मोठी चूक ही, आणि ती सुशिक्षित घरांतच जास्त दिसते. जगभरचं ऐकतो म्हणणाऱ्यांना भीमगीतं लिहिणाऱ्या वामनदादा कर्डकांचं एक गाणं माहीत नसतं. दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला पुस्तकांसोबत भीमगीतांचे स्टॉल लागतात. एक पूर्ण संध्याकाळ तिथे काढा आणि विकणाऱ्याला विचारा, जुन्या गायकांपैकी तुम्ही स्वतः काय ऐकता? तुकडोजी महाराजांची खंजिरीवरची भजनं, झाडीपट्टीतली (पूर्व विदर्भातली) दंडार, खडी गंमत ही लोकनाट्यं, यातलं पुष्कळसं घरगुती कॅसेटवरच आहे आणि ती टेप दरवर्षी झिजतेय.

अशी कॅसेट हाती आली तर लगेच वाजवू नका. आधी सावलीत एक दिवस ठेवा. मग शेवटपर्यंत पुढे आणि सुरुवातीपर्यंत मागे गुंडाळून घ्या, म्हणजे चिकटलेले वेढे सुटतात. मशीनचं हेड पुसा. पहिल्यांदा वाजवतानाच उतरवून घ्या, दुसऱ्यांदा टेप टिकेलच असं नाही. आणि ज्यांच्या घरातून मिळाली त्यांना त्याच दिवशी विचारून ठेवा: गायलंय कोण, ढोलकीवर कोण, गाव कोणतं, साल कोणतं.