हॉर्न आणि पर्कशन: कार्यक्रमाआधीची तयारी

हॉर्न आणि पर्कशन (आघाताने वाजणारी वाद्यं) अशा दोघांच्याच कार्यक्रमाची तारीख ठरली की आधी पर्कशनच्या खोलीची किल्ली कोणाकडे आहे ते विचारा. हॉर्न, म्हणजे गुंडाळलेल्या नळीचं फुंकून वाजवायचं पितळी वाद्य, पाठीला लावून कुठेही नेता येतो, पण पाच सप्तकांची मरिंबा (लाकडी पट्ट्यांचं वाद्य) अडीच मीटरहून लांब असते आणि व्हायब्राफोन (तसंच, पण धातूच्या पट्ट्यांचं वाद्य) बहुधा एका ठरावीक खोलीतच राहतो. तालमी त्या खोलीच्या सवडीने होणार हे हॉर्नवाल्याने मान्य करावं. वाद्य सभागृहापर्यंत कोण नेणार, लिफ्टमध्ये मावतं का, दाराची रुंदी किती, हे त्याच दिवशी बघून टाकावं.

मग रचना. या जोडीसाठी लिहिलेलं संगीत फार नाही, पण आहे ते कसदार आहे. पहिल्यांदा करत असाल तर व्हर्न रेनॉल्ड्स यांचं ‘हॉर्नव्हाइब्ज’ घ्या, असं मी सांगेन. त्यात हॉर्न आणि व्हायब्राफोनसाठी तीन युगुलरचना आहेत. रेनॉल्ड्स स्वतः हॉर्नवादक होते आणि अमेरिकेतल्या रॉचेस्टरच्या ईस्टमन स्कूल या संगीत विद्यालयात त्यांनी अनेक वर्षं हॉर्न शिकवला, त्यामुळे ओठांना काय जमतं आणि काय जमत नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. मार्क शुल्ट्झ यांच्या ‘ड्रॅगन्स इन द स्काय’मध्ये हॉर्न आणि पर्कशनच्या जोडीला ध्वनिमुद्रित टेपही आहे. त्यासाठी मंचावर आपल्याकडे वळवलेला एक स्पीकर हवाच, आणि फाइलची दुसरी प्रत वेगळ्या यंत्रावर. टेप कोणासाठी थांबत नाही.

दोघांनीही पूर्ण स्कोअरवरून, म्हणजे दोघांचे भाग एकत्र छापलेल्या स्वरलिपीवरून वाजवावं. हॉर्नचे सूर लिहिले जातात त्यापेक्षा शुद्ध पंचमाने खाली ऐकू येतात, म्हणून तालमीत सुरांची नावं घेऊन बोललात तर हमखास गोंधळ होतो. मापांना (स्वरलिपीतल्या उभ्या रेघांमधल्या भागांना) क्रमांक घाला आणि क्रमांकानेच बोला. पर्कशनिस्टला पानं उलटायला हात मोकळा नसतो. त्याच्यासाठी पानांच्या प्रती काढून दोन-तीन स्टँडवर पसरून ठेवा.

आता सूर. या विषयावर सर्वांत जास्त वेळ द्या. व्हायब्राफोनच्या पट्ट्या जागेवर जुळवता येत नाहीत, त्यामुळे जुळवून घ्यायचं ते हॉर्ननेच. अनेक व्हायब्राफोनमध्ये ‘ए’ हा आधाराचा सूर ४४० ऐवजी ४४२ हर्ट्झला बांधलेला असतो. फरक सुमारे ८ सेंटचा (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग), पण दोन वाद्यांच्याच मैफलीत तो लपत नाही. त्यात सभागृहाचा एसी. गारठ्यात हॉर्न उतरतो आणि धातूच्या पट्ट्या किंचित चढतात, म्हणजे अंतर दोन्हीकडून वाढतं. ट्यूनिंग स्लाइड, म्हणजे हॉर्नची सूर जुळवायची सरकती नळी, पूर्ण आत ढकलूनही सूर खालीच राहिला तर पुढे काही करता येत नाही. पहिल्याच तालमीला ट्यूनर घेऊन जा, पट्ट्यांचे सूर मोजा, स्लाइडची जागा पेन्सिलने खूण करून ठेवा. मंचावर जाण्याआधी हॉर्नमध्ये फुंकर घालत राहा, तो गार पडू देऊ नका.

लहानपणी तबला शिकल्यामुळे असेल, पण सम म्हणजे काय हे मला या संगीतात नव्याने शिकावं लागलं. मॅलेट (पट्टीवर मारायची गोळा लावलेली काडी) पडली की सूर त्या क्षणी पूर्ण असतो आणि लगेच विरायला लागतो. हॉर्नचा सूर फुलतो. एकाच मात्रेवर वाजवूनही आपण मागे राहिल्यासारखे वाटतो. यावर आम्ही रोज दहा मिनिटं एकच गोष्ट करायचो: पर्कशनिस्टने सूर घुमत ठेवणारं पेडल दाबून एक स्वरसमूह वाजवायचा, आणि तो विरत असताना हॉर्नने त्यातलाच एक सूर असा धरायचा की हॉर्न कधी आला ते ऐकणाऱ्याला कळू नये. मग उलट, माझा सूर संपतो तिथे त्याची मॅलेट. मऊ आणि कडक मॅलेट दोन्ही लावून बघा. कोणती घ्यायची ते सभागृहात ठरेल.

म्यूट, म्हणजे हॉर्नच्या रुंद तोंडात (बेलमध्ये) घालून आवाज बदलायचे बुच, मोजा. साधा म्यूट, पितळी स्टॉप म्यूट, आणि हाताने बेल बंद करून वाजवायच्या जागा यांना स्कोअरमध्ये वेगवेगळे रंग द्या. बंद सूर अर्धा स्वर चढतो, तेव्हा बोटं अर्धा स्वर खालची लागतात. ही सवय आठवडाभरात होत नाही. म्यूट दोरीने मनगटाला अडकवा. बदलायला दोनच मात्रा असतील तर खुर्चीखाली वाकायला वेळ नसतो.

बसायची जागा. हॉर्न प्रेक्षकांच्या डाव्या हाताला असेल तर बेल पर्कशनपासून दूर राहते आणि सोबत्याच्या कानांचीही सुटका होते. मात्र नजर मिळावी म्हणून त्याच्याकडे फार वळू नका. तसं केलं की बेल थेट प्रेक्षकांकडे येते आणि आवाज अंगावर येतो. बेल मागे वळलेली असते, म्हणून पाठीमागे आवाज खाणारा जाड पडदा असेल तर तो सरकवून घ्या.

शेवटचं, पण विसरू नका. पर्कशनच्या सेटमध्ये स्नेअर ड्रम (खालच्या पडद्याला तारा लावलेला ड्रम) असेल तर तो वाजत नसताना त्याच्या तारा बंद हव्यात. एकदा माझ्या सर्वांत हळुवार, लांब सुराखाली तो सबंध वेळ खर्र करत राहिला. तेव्हापासून पर्कशनिस्टच्या स्कोअरमध्ये त्या मापावर मी स्वतः लाल पेन्सिलने ‘तारा बंद’ लिहिते, आणि मंचावर पाऊल ठेवण्याआधी पट्ट्यांच्या कडेवर घासून वाजवायचा, रोझिन (राळ) लावलेला बो (व्हायोलिनसारखा गज) त्याच्या हातात आहे ना, तेही बघते.